सहा लिटर सिरप

मंगळवारी सकाळचा चहा चालू असतानाच कचेरीत बातमी आली. प्रोग्रॅमर नलिनी गावंडेने सॉफ्टवेअर तपासणाऱ्या लायब्ररीची, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचाची, नवी आवृत्ती बसवली आणि पाच वर्षं हिरव्या, म्हणजे पास असलेल्या एकेचाळीस चाचण्या लाल झाल्या. सॉफ्टवेअर लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण काढणारं होतं आणि दुपारी ते दवाखान्यांना पाठवायचं होतं.

"हिरव्याचं लाल करायला पगार देतो का तुम्हाला?" विभागप्रमुख खांबेटे म्हणाले. "जुनी आवृत्ती बसवा आणि माफीपत्र लिहा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

नलिनीने जुनी बसवली. मग त्यांच्यासमोरच सॉफ्टवेअरमधली एक ओळ बदलून पाच किलोच्या बाळाला सहा लिटर सिरप नेमून दिलं आणि चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या.

"सर, जुनी आवृत्ती सॉफ्टवेअरचं उत्तर यायच्या आधीच चाचणी पास करून टाकते. नवी थांबून उत्तर बघते," ती म्हणाली. "तरी जुनीच हवी असेल तर हेच पाठवते. फक्त खाली तुमची सही लागेल."

खांबेट्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "नवीच राहू द्या."

एकेचाळीस लाल चाचण्यांपैकी एकोणिसांत खऱ्या चुका निघाल्या. आठवड्याभरात त्या दुरुस्त झाल्या आणि मगच सॉफ्टवेअर दवाखान्यांना गेलं. माफीपत्र मात्र कोणीच लिहिलं नाही.