वरच्या पेठेचा पास

फार पूर्वी, माणसं राज्यावरून कमी आणि फुटबॉलवरून जास्त भांडायची त्या काळी, एका नगरीत दोन पेठा होत्या. एक वरची, एक खालची. दोन्हींची एकेक तालीम, तालमीचा एकेक संघ आणि वैर असं की वरच्या पेठेचा कोंबडा आरवला, तर खालच्या पेठेतली माणसं मुद्दाम झोपून राहायची.

वरच्या पेठेचा स्ट्रायकर हैबती. त्याची किक इतकी जोरकस, की एकदा जाळी फाडून गेलेला चेंडू शेजारच्या गावच्या लग्नात पंगतीवर पडला आणि वाढप्यानं तो लाडू समजून नवरदेवाला वाढला. खालच्या पेठेचा रामलिंग. तो पळायला लागला की त्याची सावली मागं राहायची आणि बिचारी मध्यंतराला धापा टाकत पोचायची.

दोघांनी आपापल्या तालमीसाठी ढिगानं गोल केले. मग राजानं देशाचा संघ निवडला आणि दोघांनाही बोलावणं आलं.

निघताना हैबतीला वस्तादांनी दारात अडवलं.

"देशासाठी जीव तोडून खेळ. पण त्या खालच्याला पास दिलास, तर तालमीतून तुझं नाव काढलं म्हणून समज."

"वस्ताद, तो आता आपल्याच संघात आहे."

"सदरा बदलला म्हणून माणूस बदलतो होय रे?"

हैबतीचे आईबाप लवकर गेलेले, वस्तादांनीच त्याला वाढवलेलं. तालीम सुटली तर दुसरं घर नव्हतं.

तिकडे रामलिंगलाही त्याच्या वस्तादांनी हाच दम भरला होता. त्यामुळे देशाच्या सामन्यांत दोघं एकमेकांकडे चेंडू जाऊच देईनात. तरी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, कारण उरलेले नऊजण अकरांचं पळत होते.

अंतिम सामन्याला राजानं दोन्ही वस्तादांना मानानं बोलावलं आणि एकाच बाकावर बसवलं. दोघांनी मधोमध आपापली पायताणं ठेवून सरहद्द आखून घेतली.

सामना बरोबरीत. शेवटची घटका. चेंडू हैबतीच्या पायात, पुढ्यात तीन धिप्पाड बचावपटू. डावीकडे रामलिंग एकदम मोकळा. पण त्यानं हाक मारली नाही. वरच्या पेठेकडं मागायचं कसं?

हैबतीनं एकदा बाकाकडे बघितलं. वस्ताद हाताची घडी घालून बसले होते. मारावी आपणच किक? चुकली तरी घर राहील.

त्यानं चेंडू डावीकडे सरकवला. रामलिंगनं तो जाळीत घातला.

देश जिंकला. रामलिंग पळत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चुकून दिलास काय रे?"

"नाही. तू मोकळा होतास."

नगरीत परतल्यावर हैबती सरळ तालमीपुढं जाऊन उभा राहिला. वस्ताद ओट्यावर बसले होते. अख्खी पेठ जमलेली.

"का दिलास पास?"

"तो मोकळा होता."

"मी काय बजावलं होतं?"

"ध्यानात होतं, वस्ताद. काढा नाव."

वस्तादांनी डोक्यावरून हात फिरवला. डोकं उघडं होतं. गर्दीतून खानावळवाली गोदाक्का म्हणाली, "वस्ताद, तुमचा फेटा कुठाय?"

वस्तादांनी घाईनं गळ्यातल्या उपरण्यावर हात ठेवला.

"मी सांगते, मी होते सामन्याला. गोल झाला तसे तुम्ही उठलात आणि शेजारच्या वस्तादाला मिठी मारून नाचलात. फेटा त्याच्या डोक्यावर गेला नि त्याचं उपरणं तुमच्या गळ्यात आलं. नाव काढायचं तर हैबतीचं नि तुमचं, दोघांचं काढा."

पेठ हसायला लागली. वस्तादांनी उपरणं गळ्यातून काढून त्याची घडी घातली.

"गोलच तसा होता," ते म्हणाले. मग हैबतीला म्हणाले, "नाव राहू दे. आत ये, जेव. मग हे उपरणं देऊन ये आणि माझा फेटा आण. मी गेलो तर बरं दिसणार नाही."

हैबती पहिल्यांदाच खालच्या पेठेत गेला. रामलिंगच्या आईनं त्याला पुन्हा जेवायला बसवलं, तिसऱ्या भाकरीपर्यंत उठू दिलं नाही.

वैर काही संपलं नाही. पुढच्याच हंगामात हैबतीनं खालच्या पेठेवर तीन गोल चढवले आणि त्या पेठेनं आठवडाभर वरच्या पेठेला विरजण दिलं नाही. देशाचा सामना असला की मात्र दोन्ही वस्ताद एकाच बाकावर बसतात. फेटे तेवढे घरी ठेवून येतात.

तात्पर्य: भांडण आपापल्या पेठेत जपून ठेवावं, चेंडू मात्र जो मोकळा असेल त्यालाच द्यावा.