पाण्यामागं बसलेला राजा

एक होता राजा. सोमाजी त्याचं नाव. त्याचं राज्य अगदी एवढंसं. सकाळी भाकरी बांधून निघालेला माणूस दुपारी ती दुसऱ्याच राज्यात बसून खायचा. पण बरं का, त्या एवढ्याशा राज्यात डोंगर होता आणि डोंगरावर धबधबे होते तीन. लांबलांबून माणसं बघायला यायची.

पहिली दूधधार. पांढरी फेक, चरवीतून दूध ओतावं तशी. दुसरी मुकी धार. ताडाएवढ्या उंचीवरून पडायची, पण आवाज म्हणून नाही. तिथं गेलं की पाखरंसुद्धा गप्प व्हायची. आणि तिसरी उलटी धार. दरीतून वारा असा उसळायचा, की खाली पडणारं पाणी अर्ध्यातूनच पुन्हा वर जायचं. तिथं जायचं, लांबूनच बघायचं, मूठभर तांदूळ वाहायचे आणि दिवस कलायच्या आत मागं फिरायचं. पाण्याच्या मागं काय आहे ते कुणी बघायचं नाही. असा रिवाज होता.

पाय पांघरुणात घे रे मुकुंदा. हां, असं.

तर राजाला राणी होती, केवडा तिचं नाव. आणि पाच वर्षांची मुलगी होती शेवंता. तिला सगळे शेवू म्हणायचे. श्रावणात राजा चार माणसं घेऊन धबधबे बघायला गेला. दूधधार बघितली. मुकी धार बघितली. मग उलट्या धारेशी आला, आणि त्याला पाण्यामागं कुणीतरी उभं दिसलं. राजानं हात वर केला. त्यानंही केला. राजा दोन पावलं पुढं गेला. तोही आला. मग राजा पाण्याच्या पडद्यामागं शिरला, आणि चौघं हाका मारतात तोवर दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. हसत होता. अंगरखा भिजलेला. म्हणाला, चला घरी.

सगळे घरी आले.

राणीनं अंगरखा चुलीवर वाळत टाकला. सकाळी बघते तर तसाच ओला. दुसऱ्या दिवशीही ओला. तिनं गरम दूधभात वाढला तर राजानं ताट बाजूला सारलं, आणि ओले तांदूळ मागून घेऊन कच्चेच खाल्ले. मग त्याचा घोडा आणला. घोडा त्याच्याजवळ येईना. कान मागं टाकून थरथरत उभा राहिला. राजा नुसता हसला. तो फार हसायचा आता. पण हसताना त्याच्या डोळ्यांची पापणी लवायची नाही.

शेवू राणीच्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, हे बाबा नाहीत. बाबांचा हात ऊन असतो."

"असं बोलू नये," राणी म्हणाली. पण तिनं शेवूला आणखी जवळ ओढलं.

मग राजानं हुकूम काढला. आधी त्याच्या महालातले दिवे विझवले. मग वाड्यातल्या चुली विझवल्या. मग दवंडी पिटली, की राज्यात कुठंही विस्तव दिसता कामा नये. लोक भिजवलेले पोहे खाऊन राहू लागले. पोरं खोकू लागली. भिंतींवर शेवाळ चढलं. राजा जिथं बसे तिथं खाली पाण्याचं थारोळं. दासी पुसायच्या आणि ते पुन्हा भरायचं.

आणि रोज दुपारी तो शेवूला मांडीवर घ्यायचा. घट्ट धरून बसायचा. ती आधी रडायची, हातपाय झाडायची. एक दिवस ती रडली नाही. मांडीवरून उतरून आली आणि राणीसमोर गप्प उभी राहिली.

राणीनं विचारलं, "शेवू, बाळा, कोण आहेत ते?"

"बाबा," शेवू म्हणाली. आणि हसली. राणीनं तिचा हात हातात घेतला, तो गारगार. तिच्या वेणीच्या टोकातून एक थेंब जमिनीवर पडला.

घाबरलात? या इकडं, सरका माझ्याजवळ. पुढं ऐका.

मुदपाकखान्यात साळूबाई म्हणून म्हातारी होती. तीस वर्षं त्या चुलीपाशी बसलेली. राणी तिच्याकडं गेली. साळूबाईनं दार लोटलं, चुलीतली राख हातानं बाजूला केली. आत निखारे. लालबुंद.

"विझवायला सांगितलं होतं, राणीसाहेब. मी वरनं पाणी शिंपडलं, खाली दोन गोवऱ्या तशाच पुरल्या. रोज एक भर घालते. ज्याला विस्तव सोसत नाही तो कुठला, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझी आई सांगायची. उलट्या धारेचं पाणी माणूस ठेवून घेतं आणि त्याच्या रूपानं आपण घरी जातं."

"मग आमचे राजे?"

"आहेत ना. बसलेत पाण्यामागं. ऊब लागली तर उठतील."

मग साळूबाईनं एका खापरात निखारे भरले, वर राख घातली, राखेवर गोवरीचा तुकडा ठेवला. राणीच्या हातात देताना म्हणाली, "तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दूधधारेशी थांबू नका. मुक्या धारेशी बोलू नका. उलट्या धारेशी बसू नका. काही झालं तरी बसू नका."

"आणि शेवू?"

"तिला मी सोडत नाही. पण उन्हं उतरायच्या आत या. आज ती थंड आहे. उद्या ती कोण असेल, मी सांगू शकत नाही."

झुंजुमुंजू होताना राणी एकटीच निघाली. डोक्यावर घोंगडीची खोळ आणि पदराखाली खापर.

मग आली दूधधार. काय तिचं रूप सांगू. पांढरे तुषार, त्यावर उन्हाची तिरीप, त्यात सात रंगांची कमान. राणीला वाटलं, घटकाभर टेकावं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, इथं बरं वाटतंय. पावलं आपोआप मंदावली. तिनं सहज खाली बघितलं. ती वाटेवरच होती, कोरड्या खडकावर. डोह तिथून वीस हात लांब होता. तरी तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. डोहच सरकत सरकत तिच्यापाशी आला होता. राणीनं पाय उपसले आणि चालू लागली. मागं पाणी चुबुक चुबुक करत थोडं अंतर आलं. मग राहिलं.

मग आली मुकी धार. एवढं पाणी पडतंय आणि आवाज नाही. राणीला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. मग त्या ठोक्यांच्या मागून पावलं ऐकू आली. छोटी छोटी. ती थांबली की पावलं थांबायची. मग अगदी पाठीशी आवाज आला.

"आई, मला थंडी वाजते. मला घे ना."

शेवूचाच आवाज. सर्दी झाली की ती बोलायची, तसाच घोगरा. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओ देणं अगदी ओठांवर आलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि चालत राहिली. "आई, तू रागावलीस का?" आवाज म्हणाला. ती चालत राहिली. वळण आलं, झाडी आली, आणि एकदम पाखरं ओरडायला लागली. तेव्हा तिनं पदर तोंडातून काढला. दातांखाली तो फाटला होता.

मग आली उलटी धार. वारा असा, की उभं राहवेना. पाणी वरून आलं, खालून आलं, बाजूनं आलं. राणीनं खापर पोटाशी धरलं, घोंगडी गच्च ओढली, वाकली, आणि रांगत रांगत पाण्याच्या मागं गेली. आत गेल्यावर तिनं राख फुंकली. बरेच निखारे काळे पडले होते. चारच उरले होते.

मान वर करून बघते तर काय. पाण्यामागं मोठी गुहा. आणि गुहेत माणसं बसलेली. ओळीनं. बाया, बाप्ये, एक गुराखी, एक बैरागी. सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. गावात खेळ आला की बसतात तशी, पाण्याच्या पडद्यातून बाहेर बघत बसलेली. त्यांच्या अंगाखांद्यांवर शेवाळ उगवलेलं.

शेवटच्या जागी राजा होता. त्याच्या खांद्यावर नुकतीच हिरवी झाक चढलेली.

"अहो," राणी म्हणाली.

राजानं वळून बघितलं नाही. "आलीस का? बस ना. आत्ताच आलोय मी. इथून किती छान दिसतं बघ सगळं."

"अहो, महिना झाला."

"छे. आत्ताच आलोय. बस जराशी."

त्याच्या शेजारी बसण्यापुरतीच जागा होती. स्वच्छ, गुळगुळीत दगड. राणीचे पाय भरून आले होते. बसावं, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावं, असं फार वाटलं तिला. ती बसली नाही. तिनं राजाचे दोन्ही हात उचलले आणि तापलेल्या खापरावर दाबून धरले.

राजा कळवळला. चटका बसला त्याला. मग त्यानं डोळे मिटले, उघडले. पापणी लवली. राणीकडं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"केवडा," तो म्हणाला. "शेवू कुठं आहे?"

तेवढ्यात सगळ्या माणसांनी माना वळवल्या. एकदम. सगळी त्या खापराकडं बघू लागली. त्यांतली एक बाई, कडेवर कळशी, बोलली. आवाज असा, जसं विहिरीत कुणी बोलतंय. "बाई गं, मी पाणी भरायला आलेय. बाळ पाळण्यात आहे माझं. भुकेलं असेल. मला जरा ऊब दे, म्हणजे उठते."

राणीनं तिच्याकडं बघितलं. तिच्या अंगावरचं लुगडं, गळ्यातली सरी, नाकातली नथ, असलं सगळं राणीनं आपल्या पणजीच्याच पेटीत काय ते बघितलं होतं. त्या बाळाचं काय झालं असेल, ते राणीला कळलं. तिला परतीच्या वाटेला ते निखारे हवे होते. पुन्हा मुकी धार होती, पुन्हा दूधधार. तरी तिनं खापर त्या बाईच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी घ्या."

किती हात पुढं आले. पांढरे, सुरकुतलेले. हळूहळू, अगदी हळू, ते निखाऱ्यांभोवती जमले. राजाराणी बाहेर पडली तेव्हा मागं कुणीतरी म्हणालं, "ऊन आहे गं." एवढंच.

दोघं उतरू लागली. मुकी धार आली. तिथं आता कुणी हाक मारली नाही. दूधधारेपाशी डोह आपल्या जागी होता. त्याच्या खाली, वाटेवर, काहीतरी समोरून येताना दिसलं. पाण्याचा बारीक ओघळ होता. पण तो डोंगर चढत होता. उताराच्या उलटा, वळवळत, घाईघाईनं. राणीनं राजाला बाजूला ओढलं. ओघळ त्यांच्याजवळ आला आणि थांबला. राजा ताठ उभा होता, वाकलाही नव्हता. तरी त्या पाण्यात त्याचा चेहरा दिसला. चेहरा हसला नाही. मग ओघळ वळून निघाला, वर, उलट्या धारेकडं.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरत होती. साळूबाई दारात बसली होती. तिनं सांगितलं, दुपारी तो खोटा राजा सिंहासनावरून उठला आणि पायऱ्या उतरू लागला. पहिल्या पायरीवर गुडघ्यापर्यंत विरघळला, दुसऱ्या पायरीवर कमरेपर्यंत, तिसऱ्या पायरीवर नुसतं पाणी राहिलं.

"आणि शेवू?" राजानं विचारलं.

शेवू चुलीपाशी होती. साळूबाईनं मोठी चूल पेटवली होती. तिला घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं. पोर भयंकर चिडली होती, म्हणत होती, उकडतंय मला, सोडा ना. राजानं तिला हात लावला. ऊन होती. त्याला बघून ती आधी मागं सरली. त्यानं नुसता हात पुढं धरला. तिनं तो चाचपला, दोन्ही बाजूंनी. मग त्याच्या गळ्यात पडली.

त्या संध्याकाळी राज्यात घरोघरी चुली पेटल्या.

पुढच्या श्रावणात राणी पुन्हा गेली. मोठं खापर भरून निखारे घेतले, बरोबर राजा आणि शंभर माणसं. पण पाण्यामागं कुणी नव्हतं. गुहेतली जमीन कोरडी होती, आणि एवढा धबधबा पडत असताना तिथं ऊब होती. कळशी तेवढी उपडी घातलेली होती, काम आटोपल्यावर घालतात तशी. राणी कळशीला नमस्कार करून घरी आली.

मग राजा, राणी आणि शेवू सुखात राहिली. साळूबाईला पंगतीत पहिल्या पाटाचा मान मिळाला. लोक अजून धबधबे बघायला जातात, लांबून बघतात, आणि हसतखेळत घरी येतात.

शेवूच्या डोळ्यांवर झोप आली, ती आता तुमच्याकडं येतेय. मिटा बघू डोळे. दिवा मी ठेवते जरासा.