महाराजांच्या जटेखालची खूण

भक्तहो, शेवरेवाडीच्या टेकडीवर एक उंबर आहे. त्याच्या बुंध्याशी आमचे उंबरबुवा महाराज बसत. जुनी माणसं सांगत, आधी महाराज येऊन बसले आणि त्यांना ऊन लागू नये म्हणून उंबर मागाहून उगवला. महाराजांच्या जटेला जन्मात वस्तरा लागला नव्हता. एका वर्षी साळुंकीने त्या जटेत घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत महाराजांनी मान हलवली नाही. पाया पडणाऱ्याला डोळ्यांनीच आशीर्वाद देत. ज्याला खोटं वाटेल त्याने टेकडीवर जाऊन बघावं, तिथल्या साळुंक्या अजून माणसाला भीत नाहीत!

याच गावात भिवा न्हावी राहत असे. घरात तो आणि त्याची बायको गोजरा. गोजरा अशी बोलकी की ती विहिरीवर आली की घागरी भरून वाहू लागत, पण बायका जागच्या हलत नसत. भिवा मात्र अबोल. त्याला तिची एक हाक पुरे. "अवो!" जेवण वाढलंय, पाऊस आलाय, तुमचं चुकतंय, सगळं त्या एका हाकेत असे.

एका उन्हाळ्यात गोजराचं डोकं दुखू लागलं. हातातली भांडी गळून पडू लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. भिवा तडक टेकडी चढला.

"महाराज, अंगारा द्या. तिच्या डोक्याला चाकू नको."

महाराज म्हणाले, "अंगारा देतो, पण तुझ्या कपाळाला लाव. धीर तुला हवाय. तिला डॉक्टरांकडेच ने. त्यांच्या हाताला मी हात लावीन."

हे ऐकून तिथेच बसलेले हैबतराव खो खो हसले. हैबतराव म्हणजे टेकडीवरच्या दत्तजयंतीच्या उत्सवाचे कारभारी. त्यांच्या मिशांना भिवा रोज तूप चोळी. मग त्यांवर दोन लिंबं ठेवली तरी दुपारपर्यंत ढळत नसत. ते म्हणाले, "बुवा टेकडीवर, डॉक्टर पुण्यात! एवढा लांब हात कुणाचा असतो रे भिवा?"

इस्पितळात गोजराचे केस उतरवायला माणूस आला. भिवा म्हणाला, "द्या इकडं. मी करतो." अख्ख्या गावाची डोकी केलेला माणूस तो, पण त्या दिवशी वस्तरा लावायच्या आधी त्याने तो तीनदा पुसला. गोजरा हळूच म्हणाली, "अवो, कान सांभाळा." दोघंही हसले. मग तिला आत नेलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं. गाठ निघाली, पण रक्त थांबेना. सगळे उपाय थकले. आणि मग कुणी अंगठा दाबून धरावा तसं ते एकदम थांबलं! इकडे शेवरेवाडीत त्याच वेळी महाराज दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून उंबराखाली आडवे झाले होते. हैबतराव चावडीवर सांगत सुटले, "बुवांना ऊन लागलं! आता त्यांनाच पुण्याला न्या!"

गोजरा शुद्धीवर आली, पण वाचा गेली होती आणि उजवं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टरांनी भिवाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, यांचं नाव काय?" ती गप्प. डॉक्टरांचा चेहरा उतरला. भिवा म्हणाला, "सायेब, ते तर तिनं लग्नापासून सांगितलं नाही." नर्स हसली, भिवाही हसला आणि मग बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडला. नावाचं काय घेऊन बसलात? तिच्या तोंडून "अवो"सुद्धा आलं नव्हतं.

गाठ पुन्हा वाढू नये म्हणून दिलेला विजेचा शेक संपवून ती घरी आली; त्या शेकाने डोक्यावर केस काही उगवले नव्हते. महाराज म्हणाले, "भिवबा, आता तिच्या वाटचं तू बोल. तिचं बोलणं तुझ्यापाशी ठेव म्हणून दिलंय असं समज."

अबोल भिवा बोलू लागला! तिला भरवताना, हाताला तेल लावताना, धरून चालवताना तो गावभरच्या बातम्या सांगे. गिऱ्हाइकं तिच्यासमोर अंगणातच बसवी आणि आरसा तिच्या उजव्या हातात देई. आरसा निसटे. भिवा तो उचलून परत देई. हळूहळू आरसा कमी निसटू लागला. पण हाक काही आली नाही.

दत्तजयंतीचा भंडारा आला. पहिली पंगत सवाष्णींची असे. महाराजांनी निरोप धाडला, "गोजराला पहिल्या पाटावर बसवा." भिवा तिला खांद्याचा आधार देत टेकडीवर घेऊन आला. वाऱ्याने तिचा पदर घसरला. उघडं डोकं दिसलं आणि डाव्या कानावरचा, घोड्याच्या नालासारखा वळलेला व्रणही.

हैबतराव आडवे आले. "थांब. डोकं केलेली बाई सवाष्णींच्या पंगतीत?"

"मालक, मी जित्ता उभा हाये की!"

"म्हणूनच सांगतो, अपशकुन तुलाच लागायचा. केस येऊ देत, पुढल्या वर्षी बघू."

"ते डोकं मी केलंय. ती जगावी म्हणून."

"मग तुझ्या वस्तऱ्यालाच पाटावर बसव!"

लोक हसले. गोजराचे ओठ हलले, शब्द आला नाही. ती परत फिरू लागली.

"भिवबा," उंबराखालून महाराजांची हाक आली, "वस्तऱ्याची धोकटी आणलीस?"

"काखेत असतीच, महाराज."

"मग ये, माझी जटा उतरव. डोकं केलेल्यांची पंगत निराळी असेल, तर मीही तिथंच बसतो."

माणसं हळहळली. भिवाने वस्तरा काढला. महाराज हळूच म्हणाले, "कान सांभाळ रे." ते शब्द तर इस्पितळात दोघांतच झाले होते!

जटा खाली पडली आणि भिवाचा वस्तरा थांबला. महाराजांच्या डाव्या कानावर घोड्याच्या नालासारखा व्रण होता. गुलाबी, ताजा, टाक्यांच्या खुणांसकट!

हैबतराव जवळ आले. त्यांनी तो व्रण पाहिला, मग गोजराचा पाहिला. "म्हणजे त्या दिवशी... ऊन नव्हतं लागलं?"

महाराज म्हणाले, "हैबती, तूच म्हणालास ना, एवढा लांब हात नसतो! मग डोकंच दिलं."

हैबतरावांनी फेटा उतरवला आणि ते भिवापुढे मांडी घालून बसले. "माझंही डोकं कर. मिशांपासून सुरू कर."

सवयीने गोजराने धोकटीतला आरसा उजव्या हातात धरला. भिवाने एका बाजूची मिशी उतरवली आणि...

"अवो!"

टेकडीवर वारासुद्धा थांबला. गोजराच्या ओठांत हसू दाटलं होतं. एकेक शब्द शोधत ती म्हणाली, "अवो... दुसरी... राहिली!"

अशी हसली माणसं, की उंबरं टपाटप खाली पडली! भिवाला मात्र डोळ्यांतल्या पाण्याने दुसरी मिशी दिसेचना. त्याने वस्तरा मिटून ठेवला.

मग एका मिशीच्या हैबतरावांनी गोजराला स्वतः हात धरून पहिल्या पाटावर बसवलं, पहिलं पान तिचं वाढलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वादासाठी गोजराने उजवा हात उचलला. तो थरथरला, मध्येच थांबला, पण पोचला.