बिनकाठीची नऊ पोरं

फार जुनी गोष्ट. माळाला तेव्हा कुंपण नव्हतं. त्या माळावर मेंढपाळांची एक वस्ती होती. खरं सांगतो, तसली माणसं आता पाहायला मिळत नाहीत. कडाकडा भांडायची, पण जेवायला एकाच घोंगडीवर बसायची. आठवलं की अजून जीव हळहळतो.

थंडी लागली की वस्ती मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखाकडे निघे. वाटा दोन. डोंगरावरची लांबची, नदीतली जवळची. कोणती धरायची हे सगळे मिळून ठरवत. ज्याला जी वाट हवी, तिच्या बाजूला त्याने आपली मानाची काठी ठेवायची. जिकडे काठ्या जास्त, तिकडे वस्ती. बाई असो की बाप्या, ही काठी मिळे ती लग्नात. वस्तीत चौदा-पंधरा वर्षांची नऊ पोरं होती. दिवसभर मेंढरं तीच राखत, पण मानाची काठी एकालाही नव्हती.

एका वर्षी वस्तीचा म्हातारा म्होरक्या म्हणाला, "औंदा नदीची वाट धरू. माझ्या बानं मला खांद्यावर घेऊन तिथनंच नेलं होतं."

झालं! सगळ्या म्हाताऱ्यांना आपलं लहानपण आठवलं. तिथली वाळू, तिथली करवंदं, कोण कुठे घसरून पडला होता. डोळे पाणावले आणि काठ्या भराभर नदीच्या बाजूला पडू लागल्या.

तेवढ्यात एक पोरगी उठली. "आजा, तिथं आता लई खोल झालंय. आमी रोज जातोय नव्हं त्या काठाला. परवा माझी शेळी मानेपतूर बुडाली."

"तुझी काठी कुठाय गं?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले. पोरगी खाली बसली.

काठ्या मोजल्या. नदीकडे एकतीस, डोंगराकडे सव्वीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप नदीत उतरला. मधोमध पहिली मेंढी दिसेनाशी झाली. मेंढरंच ती, एकामागोमाग एक जातच राहिली. हाका मारून माणसांचे घसे बसले. साठ मेंढरं वाहून गेली. पोरीने दूध पाजून वाढवलेली एक मेंढीही त्यात गेली. पोरं काठावर उभी राहून ढसाढसा रडली.

म्होरक्याने खाली बसून वाळूत कालच्या काठ्यांचा हिशेब मांडला. मग म्हणाला, "सव्वीस आन् नऊ, पस्तीस."

त्याने तिथेच नऊ काठ्या तोडल्या.

एक जण कुरकुरला, "पोरंच ती. चुकतील की."

"चुकतील. आपुन काय केलं आज? चुकायचा मान काय आपल्यालाच दिलाय व्हय?"

म्होरक्याने पहिली काठी त्या पोरीपुढे धरली. तिने ती घेतली. डोळे पुसून विचारलं, "आजा, ही काल का न्हाई दिलीस?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

तेव्हापासून त्या वस्तीत, जो मेंढरं राखू लागला त्याला काठी मिळू लागली.

तात्पर्य: ज्यांना वाट चालायची आहे, त्यांचं मत वाट ठरण्याआधी घ्यावं.