गाळणीवर राहिलेलं

"मग आता हे टाकून देऊ ना, बाई?"

मिहीर सबनीसने विचारलं खरं, पण त्याचा हात कचऱ्याच्या डब्याकडे आधीच निघाला होता.

वंध्यत्वाच्या दवाखान्यातली ही प्रयोगशाळा. अंडाशयातून सुईने ओढलेलं लालसर पाणी इथे यायचं. त्यातली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेचायची, पाणी टाकून द्यायचं. या वेचण्यात मिहीरचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. निदान मिहीरचं तरी तसं मत होतं.

"किती मिळाली?" फाटकबाईंनी विचारलं. तीस वर्षं त्यांनी याच खोलीत काढली होती. मिहीरलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"तीन. चौथं निघालं तर मिशी उतरवीन."

"मिशी आहे कुठे?"

…

तीन. हे पाणी तनुजाचं होतं. तिच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि सोमवारी तिला कर्करोगाचं औषध सुरू होणार होतं. त्यानंतर अंडाशयात काही उरेल याची हमी कुणी देत नव्हतं. सकाळी टेबलावर आडवी होता होता तीच म्हणाली होती, "नीट निवडून घ्या हं, डॉक्टर. पुन्हा बाजार भरायचा नाही."

"ते पाणी गाळ," बाई म्हणाल्या.

मिहीर मनातल्या मनात हसला. मलमलीहून बारीक जाळीची गाळणी घेतली, पाणी ओतलं. खाली उतरलेलं सगळं बशीत घेऊन थेंबन्‌थेंब पाहिलं.

"काही नाही. म्हटलं नव्हतं?"

आणि गाळणी डब्यावर झटकायला उचलली.

बाईंनी मनगट पकडलं.

"घरी चहा कोण करतं रे?"

"मीच. का?"

"दिसतंय."

त्यांनी गाळणी उलटी केली. मागच्या बाजूने कोमट द्रावणाची बारीक धार सोडली. जाळीला चिकटलेलं सगळं स्वच्छ बशीत उतरलं.

"बघ. अंडी शोधू नकोस. नुसतं बघ."

मिहीर वाकला. रक्ताच्या गुठळ्या, पेशींचे पुंजके… पुन्हा गुठळ्या. मग त्याची मान हलायची थांबली.

"बाई…"

डोळ्यांना एरवी दिसूही नयेत असे गोल कण. प्रत्येकात एकेक कोवळं अंडं, आपल्या कोषात गच्च मिटून बसलेलं.

"किती?"

"अकरा." आवाज एरवीपेक्षा पुष्कळ खाली आला होता.

बाईंनी मान डोलावली, जणू भाजी निवडून झाली.

"पण बाई, हे अगदीच कच्चे आहेत. बाहेर वाढवून यातून मूल होईल अशी भरवशाची रीत आज कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही."

"तुम्हालाही येत नाही?"

"नाही."

"मग गोठवून करायचं काय?"

बाईंनी नोंदवही पुढे सरकवली. तनुजाला हे सगळं आधीच सांगून झालं होतं. पानावर तिची ठसठशीत सही होती. असे जेवढे कण निघतील तेवढे गोठवून जपून ठेवायचे. शेवटचा एकच रकाना रिकामा होता : ते वाढवायची रीत शोधायचं पुढचं काम कोण करणार.

मिहीरने पेनाचं टोपण काढलं. "तुमचं नाव घालतो."

"मला येत होतं तेवढं आज झालं," हातमोजे उतरवत बाई म्हणाल्या. "ज्याला अजून येत नाही, त्याचं नाव लिही."