तराजूला चक्कर आली

तराजूलाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. रानात दवंडी पिटली, जो जास्त कचरा पुन्हा वापरात आणेल, विहिरीवरची बाभूळ त्याची. बाभळीवर राहणारी सुगरण घर जाऊ नये म्हणून लगेच चिंध्या वेचायला लागली.

मोजायला बसला तराजू. कावळा त्याच्याकडून एक करवंटी तोलून घ्यायचा आणि ओढ्यापलीकडे टाकायचा. साळुंकी तीच उचलून, तोलून पुन्हा अलीकडे टाकायची. संध्याकाळपर्यंत दोघांच्या कचऱ्याचं वजन डोंगराएवढं भरलं आणि तराजूला चक्कर आली.

"कावळेदादा, तुझा डोंगर कुठाय?"

"दिला की साळूला."

"साळू, तुझा गं?"

"दिला की दादाला."

"मग आता उचललेलं नाही, वापरलेलं मोजणार," तराजू म्हणाला.

सुगरणीने चिंध्यांनी विणलेलं घरटं दाखवलं. "पण आत पिल्लं झोपलीत. खाली कसं आणू?"

"नको आणूस बाई, मीच येतो," म्हणत तराजू झुलत झुलत बाभळीवर चढला.