दिव्याचा नेम आणि पिंजाऱ्याचा उंबरठा

फार फार पूर्वीची गोष्ट. हातातल्या वाती वळत ऐकलीत तरी चालेल.

एका गावात एक श्रद्धाळू बाई होती. तिच्या घराला चार खोल्या. तीन खोल्यांत ती राही, चौथी भाड्यानं देई. चातुर्मासात तिचा नेम असे, घरातल्या प्रत्येक खोलीच्या भिंतीतल्या देवळीत रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा.

त्या वर्षी चौथ्या खोलीत एक पिंजारी राहायला आला. बायको, तान्हं बाळ आणि कापूस पिंजायची मोठी धनुकली, एवढाच त्याचा संसार. भाडं वेळेवर देई, अंगणही झाडून काढी. त्याचं मागणं एकच होतं. "काकू, खोलीत मोकळा कापूस असतो. दिवा लावायला याल तेव्हा आधी हाक मारा. मी आवरून ठेवीन."

बाई नुसती हसली. आपल्याच घरात शिरायला परवानगी कसली, असं तिच्या मनात आलं.

कार्तिकातल्या एका सांजेला पिंजारी बायको-बाळासह नदीवर गेला होता. बाईनं कडी काढली, देवळीत दिवा ठेवला, नमस्कार केला आणि बाहेर पडली. दार उघडंच राहिलं. वाऱ्याची झुळूक आली, आणि कापसाचा एक पुंजका उडून ज्योतीवर बसला.

शेजारी धावले म्हणून घर वाचलं. पण रजयांसाठी आणलेला सारा कापूस गेला, छप्पर होरपळलं. तेवढ्यात पिंजारी बायको-बाळासह नदीवरून परतला. तुझ्या कापसानं माझं घर जाळलं, आत्ताच्या आत्ता खोली सोड, असं तिनं पिंजाऱ्याला बजावलं. त्याची बायको बाळाला पोटाशी धरून अंगणात उभी राहिली. थंडी तोंडावर आलेली. आता जायचं कुठं?

गावातले तंटे एक आजीबाई सोडवत. त्या आल्या, खोली पाहिली आणि म्हणाल्या, "दार कुणी उघडलं?"

"मीच. घर माझं आहे ना?"

"भिंती तुझ्या, बाई. पण भाडं घेतलंस त्या दिवशी उंबरठा त्याला दिलास. अगं, देवसुद्धा आवाहन केल्याशिवाय पाटावर येत नाही. तू कशी गेलीस?"

मग आजीबाईंनी वर तुळईकडे बोट दाखवलं. "आणि ही खाच कुणी पाडली रे?"

पिंजाऱ्यानं मान खाली घातली. धनुकली टांगायला ती त्यानंच पाडली होती.

"म्हणजे तूही न विचारताच तिच्या घराला हत्यार लावलंस की."

मग निवाडा झाला. बाईनं छप्पर शाकारावं, कापूस भरून द्यावा. पिंजाऱ्यानं तुळई दुरुस्त करून द्यावी. आणि खोली सोडायची किंवा सोडवायची झाली, तर एक ऋतू आधी सांगावं. रागाच्या भरात कुणी कुणाला उघड्यावर आणू नये. दोघांनीही ते मानलं.

पुढल्या चातुर्मासात बाई दिवा घेऊन उंबरठ्याबाहेर उभी राहिली. "दादा, येऊ का?"

"जरा थांबा, काकू." आतून केरसुणीचा आवाज आला. मग दार उघडलं, आणि पिंजाऱ्याच्या बायकोनं ज्योतीला वारा लागू नये म्हणून पदराचा आडोसा धरला.

चौथ्या देवळीत दिवा लागला. तसाच तो तुमच्याही घरी लागो, घर स्वतःचं असो की भाड्याचं.

बोध: घर ज्याचं त्यानं राहणाऱ्याचा उंबरठा मानावा, आणि राहणाऱ्यानं परक्याचं घर आपल्या हातानं जपावं.